वाकळेच्या पोटात

पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला नव्हता, म्हणून तर मी फसले. आपल्याकडे अशुभाचं कार्ड कोपरा फाडून येतं. पोस्टमनसुद्धा ते हातात देत नाही, ओट्यावर ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. आपण ते उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचतो आणि तिथंच त्याचे तुकडे करतो. हे कार्ड मात्र चारी कोपऱ्यांनी धड होतं. अकोल्याचा शिक्का, अक्षर देवकाबाईंच्या मुलीचं, सुजाताचं. मी ते खुशाल आत घेऊन आले, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात कार्ड, आणि मनाशी म्हटलं, बघू या, या खेपेला बाईंनी काय काय फर्मावलं आहे. कारण त्या गुरुवारी आमच्या भगिनी मंडळात देवकाबाईंचा गोधडीचा वर्ग होता. पत्रकं वाटून झाली होती. वर्गाच्या आधी त्यांचं एक कार्ड यायचंच, लिहिणारी मुलगी, सांगणाऱ्या त्या : सुया जाड्या पायजेत, दोरा दुपदरी पायजे, सतरंजी आधीच झटकून ठेवजा... या कार्डावर दोनच ओळी होत्या. "आई सोमवारी सकाळी गेली. तुम्ही गुरुवारी वाट पाहाल म्हणून कळवते." मी ते वाचलं आणि मला, देवाशपथ सांगते, काही कळलंच नाही. गेली म्हणजे कुठं गेली? नागपूरला? आणि मी भरल्या घरात मोठ्यानं बोलले, "अशी कशी गेली? गुरुवारी वर्ग आहे ना!" माझे यजमान दाढी करता करता थांबले. त्यांनी माझ्या हातून कार्ड घेतलं, वाचलं, आणि मग माझ्या दुसऱ्या हातातला कपही काढून घेतला. तेव्हा मला कळलं.

आज याला महिना होत आला. मंडळाच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायचे होते. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. बाया म्हणाल्या, बाई फार हळव्या आहेत. हळवी कसली! मी मुळात तापट. शाळेतल्या पोरींना विचारा. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. धडधाकट माणूस, कधी डोकं दुखलं म्हणाल्या नाहीत, आणि असं न सांगता निघून जायचं? अकरा वर्षं मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. दर भेटीत ती जिभेवर यायची आणि मी ती चहाबरोबर गिळून टाकायची. या गुरुवारी नक्की विचारणार होते. एका दिवशी मी त्यांच्याशी जे केलं, ते त्यांना कळलं होतं की नव्हतं, एवढंच... आता कुणाला विचारू?

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, अमरावतीत मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण, आणि भगिनी मंडळाची चिटणीस. चिटणीस म्हणजे सतरंज्या घालणारी, पाहुण्यांना आणायला जाणारी, चहा देणारी आणि शेवटी आभार मानणारी. दर महिन्याला एक पाहुणी बोलवायची, असा आमच्या अध्यक्षीणबाईंचा, माईसाहेबांचा दंडक होता. माईसाहेब अंबापेठेतल्या वकिलीणबाई, मनानं चांगल्या, पण शिस्तीच्या इतक्या, की टेबलावरचा टेबलक्लॉथ वाकडा असला तरी कार्यक्रम खोळंबायचा. पाहुण्या यायच्या त्या एकीपेक्षा एक. एकीनं बालसंगोपनावर दीड तास सांगितलं आणि तेवढा वेळ तिचं स्वतःचं पोर बाहेर भोकाड पसरून बसलं होतं. पुण्याहून आलेल्या एक बाई भारतीय हस्तकलेच्या आत्म्यावर बोलल्या. बोलता बोलता त्यांच्या ब्लाउजचं बटण तुटलं, ते आमच्यातल्याच एकीनं मागच्या खोलीत लावून दिलं. मंडळात तेव्हा गोधडीचा वर्ग काढायचं चाललं होतं. जुनी लुगडी, धोतरं, परकर ढिगानं गोळा झाले होते. पण शिकवणार कोण? येणारी प्रत्येक पाहुणी फळ्यावर खडूनं गोधडी काढून दाखवायची. शेवटी मी वैतागून माईसाहेबांना म्हटलं, "बोलणाऱ्या पुष्कळ झाल्या, आता एखादी शिवणारी आणू."

अशी एक मी पाहून ठेवली होती. माझं माहेर अकोल्याचं. मोर्णा नदीच्या अलीकडे, जिनिंगच्या मागच्या वस्तीत, एका टिनाच्या छपरावर वाळत घातलेली गोधडी मला जाता जाता दिसली होती आणि मी सायकलरिक्षा थांबवली होती. लाल, जांभळे, मातकट तुकडे, आणि त्यांवरून मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक टाके. दारात एक उंच, सावळी, चाळिशीतली बाई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. त्याच देवकाबाई. नवरा-बायको दोघंही जिनिंगमध्ये कामाला जायचे आणि एकुलत्या मुलीला शिकवायचे. देवकाबाई नागपूरला बुद्धाची दीक्षा घेऊन, पांढरं लुगडं नेसून आल्या त्याला तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. भिंतीवरचे जुने देव उतरले होते, त्यांचे चौकोन मात्र चुन्यात अजून दिसत होते. मी म्हटलं, तुम्ही आमच्या मंडळात प्रमुख पाहुण्या म्हणून या. त्यांनी मुलीकडं पाहिलं. सुजाता तेव्हा सातवीत होती.

"पर्मुख पाहुनी म्हंजे काय वो?"

"जिच्यासाठी खुर्ची ठेवतात ती, आई."

"मंग मी खुर्चीवर बसू का शिवू? शिवाले त खालीच बसा लागते." मग बराच वेळ माझ्याकडं पाहून त्यांनी विचारलं, "आमी कोन हाओत ते ठाऊक हाय ना तुमाले?"

मी म्हटलं, "तुम्ही आमच्या पाहुण्या आहात. मानानं नेईन आणि मानानं आणून सोडीन." असं बोलले मी. हे माझेच शब्द आहेत, त्यांत फेरफार नाही.

आल्या त्या तेच पांढरं लुगडं नेसून, एका हातात फडक्याचं गाठोडं, सुया पदराला टोचलेल्या. दारात माईसाहेबांनी हळदकुंकवाची कोयरी पुढं केली. देवकाबाईंनी हात जोडले. "मी आता लावत नाई, बाई. रागावू नोका." ज्यांना तोवर कळलं नव्हतं त्यांनाही आता कळलं, आणि खुर्च्यांवर जी कुजबूज चालली होती ती एकदम थांबली. देवकाबाई मात्र आपल्या खुर्चीकडं गेल्याच नाहीत. सरळ सतरंजीवर बसल्या, ढिगातलं एक धोतर ओढलं, आणि खुर्च्यांवरच्या पंधरा-वीस बायांकडं मान वर करून म्हणाल्या, "तथून वाकय दिसते, शिवता येत नाई. या खाली." वाकय म्हणजे वाकळ, आमची गोधडी. आधी दोघी उतरल्या, मग चौघी, मग माईसाहेबसुद्धा गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसल्या. पुढचे दोन तास कुणी भाषण केलं नाही की ऐकलं नाही. देवकाबाई सगळ्यांमधून फिरायच्या. कुणाचा टाका वाकडा गेला की त्यावर बोट ठेवायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "काहून?" रागानं नाही, टोमण्यानंही नाही, कारण खरोखरच जाणून घ्यायचं असावं तसं. मग ती बाई स्वतःच सांगायची, दोरा ताणला गेला, लक्ष नव्हतं, घाई झाली... आणि स्वतःच तेवढं उसवायची. इतक्या वर्षांत मी शाळेत जे शिकवलं त्यात हे एवढं साधं मला कधी जमलं नाही.

शेवटी त्यांनी गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवला, गाठोड्यातून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा काढला आणि त्या कोपऱ्यातून आत सरकवला. "वाकयेचं पोट भरा लागते. उपाशी वाकय ऊब देत नाई." माईसाहेब घाबरून म्हणाल्या, "अहो, उंदीर लागतील की!" देवकाबाई म्हणाल्या, "लागू द्या. उंदीर भरल्या घरातच येते." तेव्हा पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या हसल्या. कुणीतरी विचारलं, भाकरच घालायची का? "भाकर नाई त सुपारी, नाई त लेकराचा पडलेला दात. ज्याले जे ठेवा वाटते ते. बोलून दाखवता येत नाई ते पोटात ठेवा लागते." आणि एक ताकीद दिली, ती मी मंडळाच्या वहीत लिहून घेतली होती : शिवणारी जिती आहे तोवर पोट उसवायचं नाही. गोधडी धुवा, वाळवा, वरून ठिगळं लावा, पण पोटाला हात लावायचा नाही.

मग चहा आला, आणि आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. मंडळात निळ्या फुलांच्या कपबश्या होत्या. शिवाय मागच्या खोलीच्या खिडकीत एक वेगळा कप असायचा; जाड, पांढरा, काठाला आणि धरायच्या कानाला हिरवी रेघ, बशी नाही. अंगण झाडायला येणाऱ्या बाईसाठी तो होता. त्याचं नावच 'खिडकीतला कप'. मी मागच्या खोलीत चहा ओतत होते. माईसाहेब आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना खिडकीतला दे हो." एवढंच. ओरडल्या नाहीत, दरडावलं नाही. मी नाही म्हणू शकले असते. माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती, मी त्यांची कुणी लागत नव्हते. मी खिडकीतला कप उतरवला, विसळला, त्यात चहा ओतला. निळ्या फुलांच्या कपांचा ट्रे दुसरीच्या हाती दिला आणि हा कप माझ्या हातात धरून नेला. ज्या हातानं पत्रकावर 'प्रमुख पाहुण्या' लिहिलं त्याच हातानं तो मी देवकाबाईंच्या पुढं केला. त्यांनी कपाकडं पाहिलं, मग इतर बायांच्या हातांकडं, मग माझ्याकडं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता विचारतात, काहून?... पण नाही विचारलं. कप घेतला, चहा सावकाश सगळा प्याल्या, आणि उठून मागच्या नळावर गेल्या. थोड्या वेळानं खळ्ळकन आवाज आला. मी धावले. "फुटला वो बाई, मायाच हातून," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या, जुनाच होता. त्यांनी मला तुकड्यांना हात लावू दिला नाही. "कोनाच्या पायात भरतीन," म्हणत सगळे तुकडे स्वतःच पदरात वेचले आणि बाहेर टाकून आल्या.

संध्याकाळी मी त्यांना एस.टी.वर पोचवायला गेले. वाटेभर त्या टाक्यांविषयीच बोलत राहिल्या आणि मी स्वतःची समजूत घालत राहिले. त्यांच्या लक्षात आलंच नसेल. पाहुणी म्हणून मुद्दाम वेगळा कप दिला असं वाटलं असेल. काय काय सुचतं माणसाला! पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा खिडकी रिकामी होती. मी कुणाला न विचारता त्यांना निळ्या फुलांचा कप दिला, माईसाहेब काही बोलल्या नाहीत, आणि मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. वा गं वा, मोठी आली सुधारक! कप फुटला होता म्हणून झालेली सुधारणा ती. पण त्यानंतर दुसरा खिडकीतला कप मंडळात कुणी आणला नाही, आणि अंगण झाडणाऱ्या बाईच्या हातीही निळी फुलं आली, हेही खरं आहे.

पुढं त्या येतच राहिल्या. वर्षातून तीन-चार वेळा तरी त्यांचा वर्ग व्हायचा, आणि बाकीच्या पाहुण्यांना जेवढ्या बाया जमायच्या नाहीत तेवढ्या त्यांच्या वर्गाला जमायच्या. मुक्कामाला माझ्याकडं असायच्या. माझ्या स्वयंपाकघरात पाट्याशी बसून मिरच्यांचा ठेचा वाटायच्या आणि माझ्या वरणाला नावं ठेवायच्या, "हे काय वो, पानी कोनतं आनि वरन कोनतं?" 'मास्तरीणबाई, तुमी' वरून त्या 'माय, तू' वर आल्या, मी मात्र त्यांना शेवटपर्यंत अहो-जाहोच म्हटलं. अकोल्याला गेले की मीही त्यांच्याकडं जेवायची. त्यांच्या घरी तेव्हा दोनच कप होते, दोन्ही सारखे. एक माझ्यापुढं ठेवायच्या, एक स्वतः घ्यायच्या. त्या दोन कपांकडं पाहिलं की वाटायचं, आता बोलून टाकावं. पण बोलायचं काय? लक्षात आलं नसेल तर सांगून उगाच त्यांना दुखवायचं. आलं असेल तर... तर त्या अशा कशा बसतात माझ्यासमोर, भाकर मोडून माझ्या ताटात घालतात? माझं घोडं तिथंच अडायचं.

एकसष्ट साली मला मुलगी झाली. तिला घरात सगळे बेबीच म्हणतात. ती सव्वा महिन्याची झाली त्या आठवड्यात देवकाबाई गोधडी घेऊन आल्या. वर माझ्या आईच्या लुगड्यांचे तुकडे होते, ते मीच पूर्वी दिले होते. आतल्या थरांना काय घातलं ते त्यांनी सांगितलं नाही. एका कोपऱ्यात काहीतरी टणक लागत होतं. मी चाचपून विचारलं, "सुपारी का हो?" त्या म्हणाल्या, "हाय काईतरी. तुयासाठी हाय, पोट्टीसाठी नाई." मी हसले. पण पोट्टीनं तोच कोपरा पकडला. तो टणक गोळा मुठीत आल्याशिवाय बेबी कधी झोपली नाही; दोन वर्षांची असताना नाही, पाच वर्षांची झाल्यावर नाही आणि आज आठ वर्षांची घोडी झाली तरी नाही. देवकाबाईंकडून तिनं आणखी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे काहून. ऊठ म्हटलं, काहून? दूध पी, काहून? मी मास्तरीण, मला ते कसं खपावं? "'का' म्हण, काहून नाही म्हणायचं," असं मी तिला टोकलं की देवकाबाई मध्ये पडायच्या, "काहून? काहूननं काय पाप केलं तुयं?"

चीनच्या लढाईच्या हिवाळ्यात मंडळानं जवानांसाठी गोधड्या शिवायला घेतल्या. देवकाबाई कामावर रजा टाकून आठ दिवस आमच्याकडं येऊन राहिल्या. बायांना प्रत्येक गोधडीवर रंगीत दोऱ्यानं झेंडा भरायचा होता. देवकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "त्याले तथी बर्फात थंडी वाजून राह्यली, आनि तुमी त्याले झेंडा पाठवता? जाड शिवा, बाप्पा!" झेंडे राहिले आणि गोधड्या जाड झाल्या. शेवटच्या दिवशी माईसाहेबांनी आपल्या हातच्या गोधडीच्या पोटात पदराआडून काहीतरी सरकवलं आणि कोपरा देवकाबाईंकडून शिवून घेतला. काय ठेवलं, ते कुणी विचारलं नाही. चहाच्या वेळी माईसाहेबांनी स्वतः कप आणून देवकाबाईंच्या हातात दिला, निळ्या फुलांचा. त्या दोघींचं आपसांत काहीतरी मिटलं असावं असं मला तेव्हा वाटलं. माझं मात्र तसंच राहिलं.

शेवटची भेट दिवाळीच्या थोडी आधी झाली. इथला वर्ग आटोपून त्या अकोल्याला परत निघाल्या होत्या, मी एस.टी. स्टँडवर सोबत होते. गाडीत खिडकीशी बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "देवकाबाई, एक विचारू?" "विचार ना, माय." तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि हसून म्हणाल्या, "आता येतो त तवा विचारजो. काई घाई हाय का?" नाही, म्हटलं, काही घाई नाही. गाडी गेली.

कार्ड आलं त्याच दिवशी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. शेंदूरजनाघाटला माझ्या सासऱ्यांची संत्र्यांची बाग आहे. देवकाबाईंसाठी वेगळी काढून ठेवलेली संत्री होती, तीच टोपली घेऊन गेले. मरणघरी असं काही नेतात का, याचंही भान नव्हतं. त्यांचे यजमान दाराशी बसून होते. मला पाहून त्यांनी टोपली उतरवून घेतली. सुजाता आता सरकारी कचेरीत लागली आहे, तिनंच सगळं सांगितलं. सकाळी देवकाबाई पाणी भरून आल्या, हंडा ठेवला आणि म्हणाल्या, "जरा टेकतो." "मी वेणी घालत होती, मावशी. वेणी घालून मागं वळून पाह्यलं त..." मी थोड्या वेळानं विचारलं, अगं, कार्डाचा कोपरा तरी फाडायचा होतास, मी केवढी फसले. ती म्हणाली, "आमी ते पाळत नाई आता. आई म्हने, धड कार्ड काहून फाडायचं?" मग तिनं चहा केला. त्या दोन कपांतला एक माझ्यापुढं आला, आईचा. तो हातात धरून मी विचारलंच, "सुजाता, तुझी आई तुला कधी एखाद्या कपाबद्दल बोलली होती का गं? अमरावतीच्या?" तिनं गोंधळून पाहिलं. "कोणता कप, मावशी?" तिला काहीच ठाऊक नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, त्या घरात, त्या दिवशी, माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याची लाज मला आजही वाटते. कळलंच नव्हतं त्यांना, कळलं असतं तर पोटच्या पोरीला सांगितलं नसतं का? मी निघाले तेव्हा सुजाता दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मावशी, आता तुमाले तुमची वाकय उसवता येते. आई म्हने, मी गेलो का मास्तरीणबाई पयले तेच करतीन."

पुढच्या रविवारी सकाळी मी व्हरांड्यातल्या उन्हात गोधडी घेऊन बसले. पोटाचा कोपरा कात्रीनं एकेक टाका तोडत उसवला. वरचा थर आईच्या लुगड्याचा. त्याच्या खाली पांढरं सुती कापड निघालं, आणि ते पाहताच माझा हात थांबला. नागपूरला नेसलेलं, आमच्या मंडळात पहिल्या दिवशी नेसून आलेलं ते लुगडं. आपलं ते लुगडं फाडून त्यांनी माझ्या मुलीच्या पांघरुणात घातलं होतं. त्याच कापडाच्या चिंधीत बांधलेली एक छोटी पुरचुंडी हाताला लागली. गाठ सोडली. आत कपाचा कान होता, पांढरा, जाड, वरून हिरवी रेघ. तुटलेल्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या होत्या, लेकराच्या हाताला लागू नयेत म्हणून. कात्री कुठं पडली ते कळलं नाही. त्यांना कळलं होतं! पहिल्या घोटापासून कळलं होतं. कप त्यांच्या हातून फुटला नव्हता, त्यांनी फोडला होता, दुसऱ्या कुणाच्या हातात तो परत जाऊ नये म्हणून. आणि तरीही त्या माझ्या घरी आल्या, माझ्या वरणाला हसल्या, माझं बाळ मांडीवर घेतलं. पत्राच्या शेवटी आपण किती सहज लिहितो, अपराध पोटात घालावा. देवकाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी खरोखरच पोटात घातला, वरून टाके घातले, आणि आठ वर्षं माझ्या घरात माझ्याच उशाशी ठेवून दिला. मला तो दर रात्री चाचपता येत होता आणि मी त्याला सुपारी समजत होते...

बेबी अंगणातून आली, उसवलेला कोपरा पाहून आधी किंचाळली आणि मग माझ्या हातातली वस्तू पाहून शेजारी बसली. "आई, काय होतं त्यात?" सुपारी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कपाचा कान आहे. तू जन्मायच्या आधी मी एकदा देवकामावशींना सगळ्यांपेक्षा वेगळ्या कपात चहा दिला होता. मुद्दाम. त्या कपाचा." अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही आठ वर्षांच्या पोरीसमोर. तिनं तो कान घेतला, उलटसुलट करून पाहिला, सवयीनं मुठीत धरून पाहिला. मग मुठीतून काढून सतरंजीवर ठेवला, त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहून विचारलं,

"काहून?"

मी तिला टोकलं नाही. सुईत दोरा ओवला होता तो तसाच राहिला. गोधडीचा तो कोपरा अजून उघडा आहे. थंडी पडली आहे, म्हणून बेबी तीच पांघरते आणि कान मुठीत धरून झोपते. सकाळी मी घडी घालायला जाते आणि उघड्या कोपऱ्याशी थांबते. दोरा ताणला गेला, लक्ष नव्हतं, घाई झाली... यांतलं एकही कारण मला देता येत नाही.